खंडेनवमीचे बोल्ट

इंडस्ट्रियल एरियातल्या माझ्या वर्कशॉपचं काम साधं आहे. बोल्ट धुवायचे आणि त्यांच्यावर काळ्या कोरड्या पावडरीचा लेप चढवायचा. ग्रीस लावलं की इथली वाळवंटातली वाळू त्याला चिकटते आणि आटे जाम होतात. कोरड्या लेपावर ती टिकत नाही. पण बोल्ट आधी लख्ख धुतलेला हवा. बोटाचा तेलकट ठसा राहिला तरी तेवढ्या जागी लेप धरत नाही.

एका कंपनीचा खरेदी अधिकारी, आपल्या पुण्याचाच, चारचौघांत म्हणाला होता, "काका, पावडर तर चोळायची. त्याला एवढा रेट?" ते मी विसरलेलो नाही. रेट न सोडता त्याच्याकडून नमुन्याचे बोल्ट काढलेच. पास झाले तर वर्षभराचं काम.

त्यात खंडेनवमी आली. धुतलेले बोल्ट पांढऱ्या कापडावर मांडून मी फोनवर एका सप्लायरशी भांडायला बाहेर गेलो. तेवढ्यात बायको अल मन्सूरातल्या आमच्या घरून पूजेला आली. वर्कशॉपमध्ये आगीला मनाई, म्हणून निरांजन तिनं घरीच ठेवलं होतं. मशीनला हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि मग एकेका बोल्टला कुंकवाचं बोट लावत गेली.

"अगं, पोळ्यांना तूप लावलेला हात!" मी ओरडलो.

"मशीनची पूजा करायची आणि जे पोटाला घालतात त्यांना वगळायचं?"

"उद्या तो माणूस येतोय!"

"मग ओरडून कुंकू निघणार आहे का? हातमोजे कुठायत?"

ओढणी खोचून ती माझ्याबरोबर पुन्हा सगळे बोल्ट धुवायला बसली. एक मात्र मी मुद्दाम नुसता पुसला आणि खूण करून बाकीच्यांबरोबर लेपाला टाकला. पावडर घातलेला ड्रम फिरत असताना तिनं डबा उघडला. माझ्या हातात मोजे, म्हणून तिनंच पुरणपोळीचा घास भरवला. लग्नातल्या घासानंतर बहुधा पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः निवडलेल्या बोल्टांवर चिकटपट्टी लावून ओढली. पट्टी कोरी.

"ठीक आहे काका. पण शेवटी पावडरच ना?"

मी तो खूण केलेला बोल्ट पुढे केला. पट्टीबरोबर बोटाएवढा काळा गोल निघून आला.

"हे काय?"

"हा धुतलेला नाही. रेट धुण्याचा आहे."

त्यानं मान खाली घालून सही केली.

घरी येऊन सांगितलं, तर बायको म्हणाली, "म्हणजे काम माझ्या बोटानं मिळवून दिलं."

"तुपानं," मी म्हणालो.