भाऊजींचं खमीर

दुर्गाताई माझी थोरली बहीण. तिचे यजमान कमलाकांत धैर्यवान यांना गिरगावातली आमची अख्खी वाडी सत्याग्रही म्हणून मान देते. देवो बापडी! मी त्यांच्या घरात राहिलेय, मला त्यांचं कौतुक सांगू नका.

भाऊजी शिवडीला बियरच्या कारखान्यात ती आंबवणारं खमीर सांभाळायचे. दारूबंदी आली नि कारखान्याला टाळं लागलं. बाकीच्यांनी दुसऱ्या नोकऱ्या धरल्या. यांनी काय करावं? बरणीभर खमीर घरी आणलं. "हे साहेबाच्या काळापासून जिवंत आहे," म्हणाले. "मेलं, तर ती चव पुन्हा येणार नाही." झालं! ते जगवायला सातूला मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे, उकळून गाळायचे आणि पाणी निवलं की बरणीत घालायचं. हे सगळं करायचं कुणी? ताईने. यांनी फक्त वास घेऊन मान डोलवायची.

मला बघायला मंडळी आली, नेमकी त्याच दिवशी बरणी उतू गेली. मुलाच्या आईने नाक मुरडलं. "घरात गाळता की काय?" म्हणाली आणि चहा न घेताच उठली. त्याबद्दल मी भाऊजींना आजही क्षमा केलेली नाही.

पुढे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. भाऊजींच्या डोक्यात पक्कं बसलं, की द्विभाषिक मुंबई राज्य गेलं की दारूबंदीही जाणार आणि कारखाना सुरू होणार. घसा फुटेस्तोवर घोषणा दिल्या, तुरुंगात गेले. ताई भेटायला गेली, तर पहिला प्रश्न, "खमीर कसं आहे? ओतू नकोस हं!" तू कशी आहेस, हे विचारलंच नाही. तरी तिने ते जगवलं. शिव्या देत जगवलं.

राज्य आलं. वाडीत कंदील लागले, पेढे वाटले. दारूबंदी मात्र जिथल्या तिथे. भाऊजी रोज वर्तमानपत्र उलटंपालटं करत राहिले आणि एका सकाळी बरणी उचलून मोरीकडे निघाले.

ताई आडवी आली. "ठेवा ती खाली. माझ्या या बहिणीचं, लीलाचं स्थळ गेलं, तेव्हा ओतलं नाहीत. तुरुंगात होतात, तेव्हा मला ओतू दिलं नाहीत. आता तुमचं मन उडालं, म्हणून ओतणार?"

"आता त्याचा काय उपयोग, दुर्गा?"

"माझ्या उभ्या जन्माचा तरी काय झाला?" तिने सातूची पिशवी त्यांच्या पुढ्यात आपटली. "आता तुम्ही आणा मोड. मरेपर्यंत आणा. मी हात लावणार नाही."

भाऊजींनी बरणी खाली ठेवली, स्वतः बसले आणि सातू निवडू लागले. मला फार बरं वाटलं.