चिपमधली नंदाबाई

दुधराम बायकोला मारायचा, हे गावात कुणी लपवत नव्हतं आणि कुणी फारसं मनावरही घेत नव्हतं. भाजीत मीठ जास्त झालं, बैलाला पाणी उशिरा दाखवलं, त्याला काहीही पुरायचं. नंदाबाई नागरा गावची लेक. धान रोवणाऱ्या बायांमध्ये सगळ्यांत पुढे तीच, धानाचा भारा एकटीनं उचलून डोक्यावर घेणारी. अशी धडधाकट बाई नवऱ्याचा मार खाते कशी, असं विचारणारे शहाणे असतात. त्यांनी एकदा खाऊन बघावा.

तिच्याजवळ एकच उपाय होता, ओरडणं. ती ओरडली की शेजारची निर्मलाबाई हातातलं काम टाकून यायची, दारावर लाथ घालायची आणि दुधरामला त्याच्या मेलेल्या बापासकट शिव्या द्यायची. नात्यानं ती त्याची काकी, तिच्यापुढे त्याचा हात खाली यायचा. आवाज शेजारी पोचला की मार थांबतो, एवढ्या भरवशावर नंदाबाईनं सारा संसार रेटला होता. मुलगा हिमांशू नागपूरला कामाला लागल्यापासून तर घरात तिला दुसरं कुणीच नव्हतं.

यंदा धान लोंबीवर आलं आणि जंगलातून रानडुकरं उतरली. धानाच्या बांधीच्या बांधी लोळवून जायला लागली. दुधरामनं भोंगा आणून शेताच्या धुऱ्यावरच्या बांबूला बांधला. बॅटरीचा भोंगा, त्यात चिप घातली की उजाडेपर्यंत बोंबलायचा. चिप भरून घ्यायला तालुक्याच्या गावी, गोरेगावच्या बाजारात धर्मेंद्रचं दुकान होतं. ट्रॅक्टरवाल्यांपासून रोवण्याच्या बायांपर्यंत सगळे त्याच्याच कॉम्प्युटरातून गाणी भरून न्यायचे. त्यानं आधी नाचाची गाणी भरून दिली. डुकरांनी गाणी ऐकत धान खाल्लं. मग त्यानं वाघाची डरकाळी भरून दिली. खऱ्या वाघाच्या शेजारी राहणारी डुकरं ती, थोडी बिचकली आणि पुन्हा आली. शेवटी धर्मेंद्र म्हणाला, माणसाचा आवाज पाहिजे काकाजी, तुम्हीच मोबाइलात ओरडून आणा.

दुधराम अंगणात खाटेवर मोबाइल ठेवून ओरडायला लागला. हाड, हुड, धरा रे, मारा रे. भिंतीला बघून एकटाच हातवारे करत होता. नंदाबाई सुपात तांदूळ पाखडत होती, तिला हसू आलं. तेवढं पुरलं. त्यानं सूप लाथेनं उडवलं, तिचे केस धरले आणि तिचं डोकं खाटेच्या पायावर आपटलं. पोटात लाथा घातल्या. ठार मारीन, गाडीन, कापून बोडीच्या पाण्यात फेकीन, असं तो घशाच्या शिरा ताणून ओरडत होता आणि ती जिवाच्या आकांतानं ओरडत होती. निर्मलाबाई येऊन दार वाजवेपर्यंत हे चाललं. खाटेवरचा मोबाइल सगळं ऐकत होता.

बाजाराच्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन नंदाबाई दुकानाबाहेर उभी होती. धर्मेंद्रनं मोबाइल कॉम्प्युटरला जोडला आणि तिचा तो हंबरडा दुकानातल्या स्पीकरच्या मोठ्या डब्यांतून बाहेर पडला. येणारेजाणारे थबकले. सगळ्यांनी डब्यांकडे पाहिलं, पिशवी धरून उभ्या असलेल्या बाईकडे एकानंही पाहिलं नाही. काकूचा आवाज कापून टाकू का, असं धर्मेंद्रनं विचारलं. दुधराम म्हणाला, "राहू दे. तिच्यानंच तर खरा वाटून राहिला."

आणि डुकरं खरंच पळाली. त्या आवाजात जे होतं ते जनावराला कळलं, माणसांना अजून कळायचं होतं. दिवेलागणीला नंदाबाईचा मार सुरू व्हायचा आणि उजाडेपर्यंत चालायचा, तोच, तसाच, पुन्हा पुन्हा. ती चुलीशी बसून कानात पदराचे बोळे घालायची. गावाला मात्र कौतुक. चुन्नीलालनं धर्मेंद्रकडून तीच चिप भरून आणली, मग मनिरामनं, मग दुलीचंदनं. शेवटी निर्मलाबाईच्या नवऱ्यानंही, रामलालनं, आणली. निर्मलाबाई खाली मान घालून म्हणाली, काय करू बाई, धान वाचते. चहूबाजूंच्या शेतांतून नंदाबाई ओरडायला लागली.

ती एकटी बसमध्ये बसून दुकानात गेली. माझा आवाज चिपांमधून काढून परत या कॉम्प्युटरच्या डब्यात घाल, म्हणाली. तिला वाटायचं, एका पोत्यातलं धान दुसऱ्यात ओतावं तसं हे गाणं भरणं असेल. धर्मेंद्रला हसू आलं. "काकू, इथलं तिथं जात नाई. इथलं इथंच राहते, तिथं तसाच दुसरा बनते. चिप जाळली तरी मी पुन्हा भरून देईन." मग हे डब्यातूनच पुसून टाक, म्हणून तिनं हात जोडले. लोक मागून राहिले ना काकू, असं म्हणत तो पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला.

घरी येता येता ती धुऱ्यावर गेली, भोंग्यातली चिप काढली आणि बोडीत भिरकावली. पुन्हा भरता येते हे ठाऊक असूनही भिरकावली. राग असा हिशेब करत नाही.

दिवे लागले तरी आपलं शेत मुकं, हे दुधरामला लगेच कळलं. त्यानं दाराला आतून कडी घातली आणि पट्टा काढला. पहिल्याच फटक्यात तिचा ओठ फाटला. ती खाली पडली तसा तो पाठीवर, मानेवर, लागेल तिथे मारत सुटला. ती ओरडली. बाहेर शेताशेतांतूनही ती ओरडतच होती. ती आणखी मोठ्यानं ओरडली, निर्मलाबाईचं नाव घेऊन ओरडली. शेजारी भांडी घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला नाही.

आता कुणी येणार नाही, हे तिला तेव्हा कळलं. तिचं ओरडणं सगळ्यांनी मिळून खर्चून टाकलं होतं. तिनं तोंड मिटलं. चुलीपाशी ऐनाच्या लाकडाचं जाड फाटं पडलं होतं, ते हातात आलं.

पहिला घाव त्याच्या गुडघ्यावर बसला. पट्टा धरलेला हात पुढे आला, त्या मनगटावर दुसरा, आणि हाड मोडल्याचं दोघांनाही ऐकू आलं. मग ती त्याला मारतच राहिली, खांद्यावर, बरगड्यांवर, पाठीवर. आयुष्यभर भारे उचललेले हात होते ते. तिनं तोंडातून अवाक्षर काढलं नाही. आता तो ओरडत होता. "काकी, धाव वो! मारून टाकते मले!" बाहेर चार शेतांतून त्याचाच आवाज गाडीन, कापीन म्हणत होता, आणि त्याच्या हाकेला कुणीही आलं नाही. हात दमले तेव्हाच ती थांबली. तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

सकाळी नळावर निर्मलाबाई भेटली. सुजलेल्या ओठाकडे बघायचं टाळून म्हणाली, "काल भोंग्याचा आवाज येगळा वाटला वो नंदे. माणूसच लय बोंबलून राहिला होता. नवीन भरून आणला का?"

नंदाबाईनं पाण्याचा गुंड डोक्यावर घेतला.

"हो काकी. आता हाच वाजनार हाये."