अकोल्यातली माझी रिकामी खोली

अकोल्याच्या स्टँडवर अमरावतीची एसटी लागली. आईनं माझ्या मांडीवर जवसाच्या चटणीचा डबा ठेवला. बाबा खिडकीखालून म्हणाले, "घाबरू नको. घरमालकीन आपल्यातलीच हाय." आणि झालंही तसंच. घरमालकीण काकूंनी आडनाव विचारलं, हसल्या आणि किल्ली हातात दिली. मला वाटलं, नशीब चांगलं आपलं.

अमरावतीत समाजकार्य शिकता शिकता मी बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत इंटर्न झाले. पहिलंच काम आलं रेखाताईंना भाड्याची खोली शोधून देण्याचं. नवरा वारल्यावर सासरच्यांनी त्यांना घराबाहेर काढलं होतं. मुलीला घेऊन त्या निवारा केंद्रात राहत होत्या आणि खानावळीत पोळ्या लाटत होत्या. भाडं त्या देणार, डिपॉझिट संस्था भरणार. मग अडचण कसली, असं मला वाटलं.

घरमालक खोली दाखवायचे, नळ कधी येतो ते सांगायचे आणि मग विचारायचे, आडनाव काय? रेखाताईंनी ते सांगितलं, की लगेच कुणाचा तरी भाचा त्या खोलीत राहायला येणार असायचा. किती भाचे या गावाला! मी संतापून धुमसायचे आणि रेखाताई मुकाट्यानं पुढच्या गल्लीकडे वळायच्या. शेवटी मी आमच्या काकूंनाच त्यांची मागची खोली मागितली. मला भाजीची वाटी पाठवणाऱ्या काकू म्हणाल्या, तू कशाला या भानगडीत पडतेस? त्या दिवसापासून त्यांची भाजी माझ्या घशाखाली उतरत नाही.

आईचं फोनवर एक ठरलेलं वाक्य असतं. "तुही खोली तशीच ठेवली हाय, रोज झाडतो." पूर्वी ते ऐकून डोळे भरायचे, त्या संध्याकाळी मात्र चीड आली. तिकडे पलंग, टेबल, पंखा सगळं कुलपात आणि इकडे रेखाताईंच्या मुलीला वही ठेवायला कोपरा नाही. मी आईला म्हटलं, रेखाताई मूळच्या अकोल्याच्याच आहेत, परत यायला तयार आहेत, भाडंही देतील. माझी खोली दे त्यांना.

बाई चांगली आहे ना, असं आईनं विचारलं. फार चांगली, मी म्हटलं.

"अन् आडनाव काय व तिचं?"

माझी आई. दारातून कुणाला उपाशी जाऊ न देणारी.

"जे आपलं हाय, तेच समज," मी म्हटलं. त्यावर तिनं विचारलं, दिवाळीला कधी येतेस?

आई, बाबा, दिवाळीला मी येईन. पण त्या खोलीत झोपणार नाही. आत शिरायला आडनाव लागतं, त्या जागेला मला आता घर म्हणवत नाही. ती माझी असली तरी.