पाहुणी हिरवळ

शरदातल्या सकाळी, दवाने भिजलेल्या कोवळ्या गवतावर तळहात टेकवून पाहिलाय कधी तुम्ही? तो गारवा आधी बोचतो, मग हळूच पेरापेरांत उतरतो; आणि त्यातून जो कच्चा, हिरवा गंध वर येतो, त्याला नाव देणं मला आजवर जमलेलं नाही. महाबळेश्वरच्या वाटेवरच्या एका पठारावर मी गोल्फच्या मैदानाची हिरवळ सांभाळतो. म्हणजे चेंडू जिथे शेवटी खळीत पडतो, त्या गुळगुळीत वर्तुळांची निगा राखतो. जन्म आटपाडीच्या माळावर, मेंढरांमागे. आणि पोट भरतं ते कुणीच न खाणाऱ्या गवतावर! दैवाची ही थट्टा मला अजून गमतीची वाटते.

थंडीची चाहूल लागली की इथली हरळी पिवळी पडू लागते. तिला न उपटता, नुसती विंचरून, तिच्याच अंगावर आम्ही हिवाळी गवताचं बारीक बी पेरतो. यंदा पेरणी झाली घटस्थापनेला. त्याच सकाळी आईनं माझ्या खोलीत घट बसवला. दुष्काळात मेंढरं विकल्यापासून ती भिंतीकडे तोंड करून बसायची. जेवण दोन घास, बोलणं त्याहून कमी. हवापालट म्हणून तिला इथे आणलं खरं, पण दसरा होताच तिला परत त्या रिकाम्या मेंढवाड्यापाशी जायचं होतं. तिला तिथे एकटीला पाठवायला माझं मन धजत नव्हतं.

घटातलं धान्य आणि मैदानातलं बी एकाच सुमारास उगवलं. मी आईला बळेच पाहायला नेलं. काठावरच तिनं वहाणा काढल्या, वाकली आणि सुईएवढ्या कोंबांवरून हात फिरवला. निपचित पडलेल्या हरळीच्या कुशीतून ते असंख्य हिरवे प्राण वर येत होते! दरवर्षी पाहतो, तरी दरवर्षी माझे हात आपोआप जोडले जातात.

“खालचं जुनं मेलं का रं?” तिनं विचारलं.

“न्हाई आई, निजलंय. उन्हाळ्यात उठतंय बघ.”

ती खाली बसली आणि कोंब बोटांनी अलगद सारून खालची हरळी चाचपू लागली.

पहिली कापणी नेमकी खंडेनवमीला आली. त्या दिवशी हत्याराला हात कसा लावणार? आईनं कापणीयंत्राला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, आणि गवताला एक दिवस जास्त वाढायला मिळालं. दसऱ्याला घटातले तुरे माझ्या टोपीत खोवून ती मागोमाग आली. यंत्र फिरलं, पेटीत लुसलुशीत पाती साठली. मी ती खताच्या खड्ड्याकडे न्यायला निघालो.

“आरं, ह्ये टाकतोस व्हय? आण हिकडं!”

किती महिन्यांनी तो दरडावणीचा सूर ऐकला! अजून औषध मारलेलं नव्हतं, म्हणून दिलं. पाती ओच्यात भरून ती उतार उतरली. खाली रस्त्याकडेला कोकणच्या वाटेला लागलेल्या मेंढपाळांचा तळ पडला होता. दुपार टळली तरी ती येईना. माझा जीव टांगणीला लागला. उन्हं कलल्यावर आली, ओचा रिकामा, पदराला लोकर चिकटलेली. भाकरी मागून घेतली आणि पोटभर जेवली.

“उद्या बी कापायचं हाय न्हवं?” तिनं हात धुता धुता विचारलं.

आटपाडीची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळचीच होती. मी उठलो तेव्हा तिचं अंथरूण रिकामं होतं, गाठोडं मात्र कोपऱ्यात तसंच. धावत मैदानावर गेलो. हिरवळीच्या काठी वहाणा काढून ठेवलेल्या होत्या, आणि दवात तळहात टेकवून आई बसली होती.