लाँड्रीच्या स्टॉपवरची बस

तर हां, दारापाशी थांबलो होतो आपण. बसचं दार काही मिटेना, म्हणून जगभरातल्या पोरांनी तक्रारी पाठवल्या. कुणाला, तर आमच्या शेजारच्या सावकाशला!

हा बस-ड्रायव्हर. गाडी अशी चालवायचा की उभ्या माणसाच्या कपातला चहा हिंदकळायचा नाही. म्हणून डेपोत त्याचं नाव पडलं 'सावकाश'.

तो निवृत्त झाला आणि त्याच वर्षी बायको गेली. घर खायला उठलं. लेकीनं आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला, त्यात बस चालवायचा एक गेम होता. थोडे दिवस खेळून मला म्हणतो कसा, "काका, ही बस नव्हे, खोकं आहे." मग चष्मा कपाळावर चढवून शिकला, आणि गेममधल्याच बसला ठोकूनठाकून आपल्या जुन्या बसचं रूप दिलं, रस्ताही आपलाच घातला. अशी पदरची भर घातली की तिला मॉड म्हणतात. पठ्ठ्या फाटकी सीटसुद्धा विसरला नाही! इंटरनेटवर फुकट वाटली, आणि कुठकुठली पोरं त्याची बस हाकायला लागली.

फक्त लाँड्रीच्या स्टॉपवर दार लवकर मिटायचं नाही. त्याची बायको हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी धुवायची, आणि सुटली की त्याच्याच बसमध्ये चढायची. गुडघे गेलेले. आधी एक पाय पायरीवर, मग दांडा धरायचा, मग दुसरा पाय. मागून लोक ओरडायचे, "अहो ड्रायव्हर, झोपलात का?" हा आरशात बघत राहायचा. गेममध्येही त्यानं तेवढाच वेळ धरला होता.

पुढं गेमच्या कंपनीची मेल आली. तुमची बस आम्ही गेममध्येच घेतो, जितके लोक घेतील त्या मानानं मानधन देतो. मात्र हक्क आमचे, आणि दाराची तेवढी चूक सुधारा.

लेक हरखली. "बाबा, मिटवा की ते दार! आई थोडीच चढणार आहे आता?" बोलून गेली आणि तिचं तिलाच रडू आलं. सावकाशनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि कंपनीला नकार कळवला.

कंपनी कशाला ऐकते! मूळ बस आमची, कॉपीराइट आमचा, परवानगीशिवाय वाटायची नाही, म्हणाली. साइटवरून मॉड काढून टाकलं. मागून गेमचं नवं अपडेट आलं, आणि सावकाशच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवरही ती बस उघडेना.

मी गेलो तर हा काळ्या पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसलेला. हसवावं म्हणून म्हटलं, "काय रे, जन्मभर लोकांची गाडी चुकू दिली नाहीस, आणि तुझीच चुकली की!"

हसला नाही.

मग मीच विचारलं, "शेवटची फेरी कुठवर नेली होतीस?"

"लाँड्रीपर्यंत, काका. स्टॉपला गाडी लावली, दार उघडलं, आणि तसाच कॉम्प्युटर बंद केला. दार उघडंच आहे."