खिरीचे नखुले आणि गार कोंबडी

लेक सुरतेला दिलेली. एका आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, ती माहेरी आली ती टायफाईडमधून उठून. जावयाने तिला मेहरूणच्या घरी आणून सोडलं. "हिच्या अंगात ताकद आली की न्यायला येतो," म्हणाला. माझा नवरा तेव्हा हयात नव्हता. घरात मी एकटी. आजारी का होईना, दुसरं माणूस आलं.

डॉक्टरने सांगितलं होतं, तेल-तिखट बंद, पण कोंबडी द्या. मला कोंबडी येते ती काळ्या मसाल्याची. तिच्यासाठी फिका रस्सा केला. ऊन असं की दुपारी भिंतीला हात लावता येत नव्हता. तिने दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

"माय, गरम काही नकोच वाटतं."

सुरतेत तिच्या शेजारची बाई उन्हाळ्यात उकडलेली मॅकरोनी आणि कोंबडी गार करून खायची. काकडी, कांदा, लिंबू घालायची. सलाड म्हणायची त्याला.

"गार कोंबडी? म्हणजे कालची?"

"कालची नाही गं. मुद्दाम गार केलेली."

मी किराणावाल्याकडे मॅकरोनी मागितली. "ते कोणत्या आजाराचं औषध, अक्का?" म्हणाला. मग घरी येऊन रवा-मैदा दुधात भिजवला आणि मॅकरोनीऐवजी नखुले करायला बसले. लग्नाच्या खिरीला करतात तेच. पिठाची बारीक गोळी नखाने दाबली की खोलगट होते. हे काम ओटीवर पाच-सहा जणी मिळून करायच्या, एकमेकींच्या सासवांचा उद्धार करत. मी एकटीने केलं. गप्पा नसल्या की काम लवकर होतं म्हणतात. होत नाही.

पलीकडची बाई डोकावली. "अक्का, खिरीचे नखुले कोंबडीत? देव कोपेल."

"देवाला टायफाईड झाला नाही," मी म्हटलं.

मटण-कोंबडी आमच्यात अंगणातल्या चुलीवरच शिजते. तिथे आलं-मीठ घालून कोंबडी उकडली, गार झाल्यावर हाताने तोडून तिच्या बारीक काड्या केल्या. नखुले वाळवत बसले नाही. मिठाच्या पाण्यात उकडून चाळणीत ओतले आणि वरून माठाचं पाणी घातलं, नाहीतर त्यांचा गोळा होतो. काकडी, कांदा, कोथिंबीर, लिंबू, मिरपूड आणि शेंगदाण्याचं चमचाभर तेल. कोंबडीचं पाणी गाळून वेगळं प्यायला दिलं.

तिने वाटी पुसून खाल्ली. "बठ्ठं संपवलं," म्हणाली आणि हसली. आल्यापासून पहिल्यांदा हसली. मी चव पाहिली. मला ते अळणी लागलं. पण मला खायचं नव्हतं.

मग एक दिवसाआड तेच केलं. तिच्या गालांवर मांस आलं. ती अंगण झाडू लागली, विहिरीवरून कळशी आणू लागली. मी ओरडायचे, ती ऐकायची नाही. दुपारी दोघी खोलीत पाण्याने पुसलेल्या फरशीवर पडायचो. ती सुरतेचं सांगायची, मी ऐकायचे.

एका सकाळी ती म्हणाली, "माय, आज झणझणीत रस्सा कर. सोबत भाकरी. तोंडाला चवच राहिली नाही."

मी खोबरं आणि कांदा भाजायला घेतला. तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या, नाकातून पाणी येईपर्यंत. संध्याकाळी वाण्याच्या दुकानातून जावयाला फोन लावला आणि मीच सांगितलं, "या न्यायला. बरी झाली."

तो आला, तिला घेऊन गेला. त्या उन्हाळ्यात मी परत कोंबडी आणली नाही. एका माणसासाठी कोण कोंबडी कापतं?