लेकीच्या घरचं पाणी

आमच्या घरासमोर कॉफीचं दुकान निघालं त्या दिवशी शेजारचे दोघे जण पाण्याच्या घागरी घेऊन रस्त्यावर धावले होते. बिया भाजण्याचा तो वास कुणाला ठाऊक असणार? त्यांना वाटलं कुणाच्या तरी घरात आग लागली. सासूबाईंनी दार लावून घेतलं आणि आपल्या उंबऱ्यासमोर हे काय नवीन भूत आलं म्हणून दिवसभर धुसफुसत राहिल्या.

धक्क्यांचेच दिवस होते ते. सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई चालली होती आणि तिच्यापायी आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, एवढंच आम्हा बायकांना माहीत. अमरावतीच्या बाजाराकडे जाणारा आमचा रस्ता कापसाच्या गाड्यांनी दिवसदिवस अडून राहायचा. काल ज्याच्या डोक्याला धड पागोटं नव्हतं तो आज चांदीचा करदोडा लोकांना दिसेल असा बांधून फिरायचा. माझे सासरे कापसाचे दलाल. त्यांना तर जमिनीवर पाय ठेवायला फुरसत नव्हती, आणि पुढे पुढे इच्छाही राहिली नाही.

कॉफीवाला मद्रासेकडचा ब्राह्मण होता, एलिचपूरच्या छावणीमागोमाग इकडे आलेला. ब्राह्मणाच्या हातचं म्हणून त्याची कॉफी सगळ्यांना चालायची. भांडं मात्र जो तो आपलं आणायचा. गूळ आणि दाट दूध घालून तो ती करायचा, तरी पहिला घोट घेतलेल्या माणसाचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. मी दाराच्या फटीतून बघायची. एकाने थुंकून टाकली आणि काढाच प्यायचा तर घरी वैद्य आहे म्हणून भांडण काढलं. एकाने सोबत भाकरी मागितली. आणि एका गृहस्थाने तर आपल्या बैलांपुढे दोन घमेली कॉफी ठेवायला लावली. आपला माल त्यांनी ओढून आणला, मग आपण एकट्याने कशी प्यायची, असं त्याचं म्हणणं. बैलांनी नुसतं हुंगलं आणि माना फिरवल्या. मी पदर तोंडात कोंबून हसले होते.

त्या दुकानाचं मला एवढं अप्रूप वाटायचं, कारण तिथे माझे बाबा बसायचे.

माझं माहेर अंजनगाव सुर्जीकडचं. काळी जमीन, घरची कपाशी. बाबा गाड्या घेऊन अमरावतीला यायचे, पण माझ्या घरी पाणी प्यायचे नाहीत. आमच्यात रीतच होती तशी. लेकीचं मूल डोळ्यांनी बघितल्याशिवाय बाप तिच्या घरचा थेंब घेत नसे. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि माझा पाळणा काही हलत नव्हता. बाबा यायचे, ओसरीच्या पायरीशी उभे राहून आईने दिलेलं गाठोडं माझ्या हाती द्यायचे, खुशाली विचारायचे आणि उन्हातून तसेच तहानलेले परत फिरायचे. पाठमोरे बाबा दिसले की मला माझ्या पोटाचा राग यायचा.

समोर दुकान झालं तसं त्यांना बसायला जागा मिळाली. घरून आणलेली वाटी ते पुढे करायचे, एकच कॉफी घ्यायचे आणि आमच्या दाराकडे तोंड करून घोट घोट पीत बसायचे. त्यांना ती आवडत होती असं मला कधी वाटलं नाही. औषध घेतल्यासारखं तोंड करायचे. मी मुद्दाम अंगण झाडायला निघायची, वाळत घातलेल्या मिरच्या पुन्हा पुन्हा पालथ्या करायची. सासूबाई म्हणायच्या, मिरच्यांना एवढी हौस कशाला. त्या सगळं ओळखून होत्या.

एका सकाळी त्यांनी मला लवकर उठवलं. अकोल्याचे बडे व्यापारी यायचे आहेत, बेसनाचे लाडू कर, तूप आखडू नको. मी डाळ दळली, बेसन भाजलं, हात भाजले तरी लाडू वळले. नवरा सकाळपासून माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या ते लक्षात आलं होतं, पण डोक्यात काही शिरलं नव्हतं. मी किती भाबडी होते याचा आजही मला राग येतो.

अकोल्याचे दोघे पाहुणे आमच्या घरी येण्याआधी समोरच्या दुकानात टेकले. वाटेची धूळ धुवावी, पागोटं नीट बांधावं आणि मग सोयऱ्यांच्या दारात जावं, असा त्यांचा विचार. बाबा तिथेच बसले होते. नेहमीच्या अदबीने त्यांनी पाहुण्यांना जागा करून दिली, कॉफीही आपल्यातर्फे सांगितली. बोलता बोलता त्यांनी कामाचं विचारलं. दोघांपैकी वडीलधाऱ्याने आमच्या दाराकडे बोट दाखवून मोकळेपणाने सांगून टाकलं, की आपली पोरगी या घरी द्यायची आहे, आज बोलणी पक्की करायची.

"पहिली बायको हाये," तो म्हणाला, "पन तिले लेकरू नाही. एका कोपऱ्यात पडून राहीन बिचारी."

हे सगळं कॉफीवाल्याने मला नंतर सांगितलं. बाबांनी वाटी धुतली, धोतराला पुसली म्हणे, आणि पाहुणे उठून गेल्यावरही ते थोडा वेळ तिथेच बसून राहिले. त्यांना बरं वाटत नाही असं समजून त्याने त्यांना पाणी दिलं होतं. ते त्यांनी घेतलं नाही.

मी आत लाडवांचं ताट लावत होते. सकाळीच आलेल्या सासूबाईंच्या बहिणीने माझ्या कानाशी येऊन सांगितलं, आता शहाण्यासारखी वाग, नवीन येईल तिला धाकट्या बहिणीसारखी सांभाळ. आधी मला कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातलं ताट कुठे ठेवावं तेही सुचेना. सवतीच्या सोयरिकीचे लाडू मी माझ्या हाताने वळले होते. मला रडूही आलं नाही.

तेवढ्यात ओसरीवरचं बोलणं एकदम थांबलं. मी दाराआडून पाहिलं. बाबा पायरी चढून वर आले होते. इतक्या वर्षांत ते कधी त्या पायरीच्या वर आले नव्हते. ते सरळ सतरंजीवर बसले, पाहुण्यांच्या शेजारी, आणि दाराकडे बघून म्हणाले, "बाई, मले पानी दे."

मला वाटलं, उन्हाने डोकं फिरलं. सासूबाई आतून मला खुणेने नको नको म्हणत होत्या. पण बापाने पाणी मागितलं होतं. मी डोईवरचा पदर पुढे ओढला, गडवा भरला, बाहेर गेले आणि त्यांच्या हातात दिला.

"इवाई, हे काय करून राहिले तुमी?" सासरे व्याह्यांना म्हणाले.

"तहान लागली," बाबा म्हणाले. आणि गडवा तोंडाला लावून ते पाणी प्यायले. सावकाश, सगळं. प्यायल्यावर मला म्हणाले, एक लाडूही दे. तोही त्यांनी खाल्ला.

अकोल्याचा वडीलधारा माणूस आळीपाळीने माझ्याकडे आणि बाबांकडे बघत होता. मघाशी आपल्याला कॉफी पाजणारा आणि आपलं बोलणं ऐकून घेणारा हा म्हातारा कोण, ते त्याच्या ध्यानात आलं असावं. त्याचा चेहरा पडला. मग दुसरी गोष्ट ध्यानात आली आणि तो ताडकन उभा राहिला.

"पोरीचा बाप पानी पेला," तो सासऱ्यांना म्हणाला. "मंग लेकरू नाही हे आमाले कावून सांगतलं? आजोळी ठेवलं असन."

सासऱ्यांनी देवाची शपथ घेतली. सासूबाई तर रीत सोडून ओसरीवर आल्या आणि या घरात पाळणा हललाच नाही म्हणून गळा काढून सांगू लागल्या. ज्या गोष्टीवरून मला रोज टोचून खायच्या तीच आता त्यांना हात जोडून पटवून द्यावी लागत होती. पाहुण्याचा प्रश्न एकच होता. मूल नाही, तर हा माणूस पाणी कसा प्यायला? लेकरू न बघता लेकीच्या घरचं पाणी पिणारा बाप त्यांनी काय, आम्हीही कुणी कधी बघितला नव्हता. बाबांना विचारलं तर ते खाली बघून बसले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. पाहुणे लाडवाला हात न लावता निघून गेले.

मी बाबांना सोडायला पायरीपर्यंत गेले. मला भीती वाटत होती, त्यांच्या परलोकाची, गावाची, आईची. मी विचारलं, बाबा, का प्यायलात?

"त्या काफीनं तोंड कडू झालतं, बाई," ते म्हणाले आणि गाड्यांच्या गर्दीत शिरले.

गावात त्यांना खूप ऐकून घ्यावं लागलं. आई कित्येक दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिने स्वतः मात्र रीत शेवटपर्यंत पाळली. माझ्या दारी यायची, मला पोटाशी धरायची आणि कोरड्या तोंडाने परत जायची. सासऱ्यांनी दुसरी सोयरीक बघायला घेतली, पण अकोल्याची बोलवा सगळीकडे झाली होती. मग लढाई संपली म्हणे, कापसाचे भाव कोसळले आणि दुसरं लग्न करण्याइतका जोर कुणात राहिला नाही.

कॉफीवाला मला कधी कधी विचारायचा, तुमचे बाबा आता आमच्याकडे बसत नाहीत, आमच्यावर रागावले का? मी काय सांगणार त्याला? त्या दिवसानंतर बाबा अमरावतीला आले की सरळ पायरी चढून वर यायचे, सासूबाईंच्या देखत ओसरीवर बसायचे आणि मला पाणी मागायचे. मला मूल झालंच नाही. ते मरेपर्यंत माझ्या घरचं पाणी प्यायले.